सातबाऱ्यावर नसलेलं मैदान

भात कापून झालं की शेत रिकामं. धसकटं काढायची, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. शीळ, डायघर, पडले, देसाई, खिडकाळी, उत्तरशीव. ठाण्याजवळच्या शीळफाट्याभोवतीच्या या आगरी गावांत टेनिस बॉलचं क्रिकेट अशाच शेतांत वाढलं. पावसाळ्यात भात, पुढे उन्हाळ्यापर्यंत सामने. आता तिथे गोदामं आणि टॉवर. मैदान म्हणून त्या जागेची सातबाऱ्यावर कधी नोंदच नव्हती, त्यामुळे ती गेली तेव्हा भरपाईच्या हिशेबात शेत आलं, मैदान आलं नाही.

त्याबरोबर कर्ण्यावरचं आगरी बोलीतलं समालोचन विरत चाललंय. प्रवेश फी, मंडपवाला, चहावाला, चषकाचा खर्च उचलणारा गावचाच कुणी. त्या सामन्यांचा पैसा गावातच फिरत असे.

आता मोठ्या स्पर्धांकडे पाहा. 15 सप्टेंबर 2017. सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे काही सामने नवी मुंबईतल्या नेरूळला होणार म्हणून राज्यभर एकाच दिवशी 10 लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असा सरकारी उपक्रम झाला. शाळांना चेंडू मिळाले. चेंडू झिजतात, फाटतात. पुढचा चेंडू कुणी द्यायचा?

2 नोव्हेंबर 2025. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. शीळफाट्याहून महापेमार्गे फार दूर नाही ते. निळ्या जर्सी विकणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची ती कमाई खरी, पण एका रात्रीची. आणि त्या रात्री बॅट हातात घ्यावीशी वाटलेल्या मुलीने इथे खेळायचं कुठे? तासाच्या भाड्याच्या टर्फवर?

अशा स्पर्धांनी देश श्रीमंत होतो, हे मला पटत नाही. तिकिटावर गेलेला बराचसा पैसा एरवी इथल्याच हॉटेलात, बाजारात गेला असता. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचा 2003 मधला अंदाज 1,200 कोटींचा होता; महालेखापरीक्षकांच्या अहवालात तो आकडा 18,532 कोटींवर गेलेला दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2026 ची हीच स्पर्धा खर्च झेपणार नाही म्हणून 2023 मध्ये सोडून दिली. लॉस एंजेलिसला 1984 च्या ऑलिंपिकमध्ये नफा झाला, तो बहुतेक मैदानं आधीपासून उभी होती म्हणून. नेरूळचं स्टेडियमही 2008 पासून होतं. विश्वचषकासाठी नवं बांधावं लागलं नाही.

बुलेट ट्रेनचा बीकेसीहून निघणारा 21 किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याला उघड्यावर येतो. पुढे ती वाट अहमदाबादला जाते. तिथे 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा ठरली आहे, आणि 2036 च्या ऑलिंपिकसाठीही भारताचे प्रयत्न चालू आहेत. स्पर्धा जरूर व्हाव्यात. पण त्यांवर खर्च होणाऱ्या कोटींतला काही वाटा गावोगावच्या साध्या, कुंपण घातलेल्या, विनाभाड्याच्या मैदानांना आधी मिळाला पाहिजे. खेळाडू तिथून येतात.

शीळफाट्याच्या परिसरात ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई अशा तीन महापालिकांच्या हद्दी भिडतात. तुमच्या गावाचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होईल, तेव्हा नकाशात खेळाच्या मैदानाचं आरक्षण शोधा. ते नसेल, तर मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या.