थाळींतील मीठ

गतवर्षीं मार्च महिन्यांत सास्तूर येथें आम्ही बाष्पीभवन शिकवीत होतों. थाळींतील खारें पाणी आटलें, मीठ तळाशीं राहिलें. तास संपतांच आम्हीं थाळी मोरींत धुतली. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, हें आतां कोठें जाईल?"

आम्ही निरुत्तर झालों. मोरीचें पाणी ओढ्यास मिळतें, ओढा तेरणेस, तेरणा मांजरेस व मांजरा गोदावरीस. चिमूटभर मिठानें नदी बिघडत नाहीं हें खरें. परंतु थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर टाकलेलें टनावारी मीठ तळ्यांत उतरतें. खारें पाणी जड, म्हणून तें तळाशीं बसतें. वरचा प्राणवायु तेथें पोहोंचत नाहीं व तळचे जीव गुदमरतात. आपल्याकडे बर्फ नाहीं. पण साबणाचा सोडा आहे, उसाच्या शेतांतून वाहून येणारें जादा खत आहे. खतानें शेवाळ माजतें. तें कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु सरतो आणि पहाटे मेलेले मासे तरंगतात. उन्हानें तळ्याचें पाणी उडून जातें. क्षार मात्र थाळींतील मिठाप्रमाणें मागेंच राहतात.

मुलांनो, तुमच्या सोबत्याचा प्रश्न आम्हांस अजून सोडीत नाहीं. आतां उरलेलें मीठ आम्ही बरणींत भरून पुढील वर्गासाठीं ठेवितों. खताची गोणी रिती करण्यापूर्वीं पालकांनींही तोच प्रश्न स्वतःस विचारावा, इतकीच विनंती.