वेदनेची थकबाकी

पेढीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला पाठदुखी नवी नसते. गादीवर तासन्‌तास वाकून खतावणी लिहायची, फारच दुखले तर लोडाला टेकायचे आणि घरी कोणाला सांगायचे नाही, ही जुन्या पिढीची रीत. पुढे मणक्याची शस्त्रक्रिया ठरली तरी वडीलधारे एवढेच म्हणतात, "चार दिवस सोसायचे, मग सुटका." परंतु काहींची सुटका होत नाही. जखम भरते, टाके निघतात; वेदना मात्र थकबाकीसारखी राहते. ती तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर वैद्यकशास्त्र तिला जुनाट वेदना म्हणते.

या थकबाकीचे मूळ शस्त्रक्रियेच्या टेबलावरही असू शकते. भुलीने जाणीव थांबते, पण छेदाचे संदेश मज्जारज्जूकडे जातच राहतात. त्या माऱ्याने तेथील चेतापेशी अतिसंवेदनशील होतात आणि पुढे हलका स्पर्शही दुखू लागतो. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये ही प्रक्रिया प्रयोगाने दाखवून दिली. म्हणूनच वेदना मुरण्याआधीच तिला अडवावे, हा विचार पुढे आला.

त्यासाठी दोन औषधांच्या जोडीचा अभ्यास होत आहे. १९६२ मध्ये प्रथम तयार झालेले केटामिन मज्जारज्जूतील वेदनेची वाढ रोखते. पण त्याने रक्तदाब व नाडी वाढू शकते, भासही होतात. डेक्समेडिटोमिडीन हे शामक औषध शांत गुंगी आणते, वेदना कमी करते आणि नाडीचा वेग उतरवते. एकाची उणीव दुसरे काही अंशी भरून काढते. तथापि सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. नाडी मुळातच मंद असेल, किंवा हृदयाचा अथवा मनाचा विकार असेल, तर ही औषधे देताना विशेष जपावे लागते. निर्णय भूलतज्ज्ञांचाच.

त्यांना निर्णय घेता यावा, यासाठी रुग्णाने मौन सोडले पाहिजे. आधीपासूनची तीव्र वेदना, वेदनाशामकांची जुनी सवय आणि मनातील धास्ती यांमुळे दुखणे रेंगाळण्याचा धोका वाढतो. नेमक्या याच गोष्टी घरातील कर्ता पुरुष लपवतो. रात्री गुपचूप घेतलेली गोळी पत्नीलाच ठाऊक असते. तपासणीच्या दिवशी तिने ती सांगितली, तर त्यात पतीचा कमीपणा नाही. व्यवहारात चोख हिशेब ठेवणाऱ्याने आपल्या देहाचाही खरा हिशेब भूलतज्ज्ञांपुढे मांडावा.