महीनचे घोडे

'गँगस्टर' (2006) मधलं जेम्सनं गायलेलं 'भीगी भीगी' माहीत नसलेला प्राणी आमच्या हॉस्टेलवर सापडणं कठीण. लाइट गेले की कुणीतरी गिटार काढतं आणि सुरू! पण ती चाल मूळची कलकत्त्याची, हे मला शेजारच्या रूममधल्या बंगाली मित्राने सांगितलं, तेही जरा रागावूनच. मूळ गाणं 'पृथिबीटा नाकि', बँड 'मोहीनेर घोडागुलि'. म्हणजे महीनचे घोडे. जीबनानंद दासांच्या कवितेतून घेतलेलं नाव! आपल्याकडे बँडच्या नावात कवटी, आग, निदान मुद्दाम बिघडवलेलं इंग्रजी स्पेलिंग तरी लागतं.

1975 च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय, त्यांचे भाऊ आणि काही मित्र जमले. गौतम नक्षलवादी चळवळीपायी तुरुंगात जाऊन आलेले. गिटार-ड्रम्सच्या जोडीला व्हायोलिन, सॅक्सोफोन, बासरी आणि वर बाऊल गाण्यांचा ढंग. 1977, 78 आणि 79 अशा तीन रेकॉर्ड्स निघाल्या. पहिलीच्या नावात अस्वस्थ पक्षी आणि कलकत्ता, दुसरीच्या नावात चक्क उडती तबकडी! लोकांना फारसं काही झेपलं नाही. 1981 मध्ये बँड मोडला.

खरी गंमत पुढे. 1995 मध्ये गौतमनी जुनी मंडळी गोळा करून 'रियुनियन' केलं नाही, तर नव्या पोरांना हाताशी धरून 'आबार बछर कुडि परे' हा अल्बम संपादित केला. हो, मासिक करतात तसा संपादित! 'पृथिबीटा' त्यातलंच. 1999 मध्ये गौतम गेले; 'गँगस्टर' त्यांनी ऐकलाच नाही.

हे सगळं सांगायचं कारण, गॅदरिंगसाठी मी मराठीत गाणं लिहितोय आणि आमचा ड्रमर म्हणतो, "मराठीत रॉक? लावणी वाटेल रे!" मी कॉन्व्हेंटचा, शाळेत मराठी बोललं की दंड. हिशेब, शिव्या, स्वप्नं सगळं इंग्लिशमध्ये. चिडतो मात्र अजून मराठीतच, आणि चिडल्याशिवाय रॉक कसला?

पहिलं कडवं झालंय. दुसरं 'पाऊस' या शब्दापाशी अडलंय. तो दोन ठोक्यांत बसवायचा की तीन, यावर काल रात्री दीडपर्यंत आमचं भांडण चाललं होतं.