शिट्टी

गेले तीन आठवडे आमच्या पद्मिनीने मला अगदी पिडले. पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८८ चे मॉडेल, मी १९९५ साली सेकंडहँड घेतलेली. नातेवाईकांना तिची ओळख करून द्यायला नको, कारण बहुतेकांनी तिला एकदा तरी ढकललेले आहे.

तरुण वाचकांसाठी थोडी माहिती. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११०० ही गाडी तयार होई, तिचेच पुढे १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' असे नामकरण झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. मी शाळेतून २००९ साली निवृत्त झालो. आमची गाडी मात्र अजून सेवेत आहे.

दुखणे असे होते. सकाळी चोक ओढून गाडी झकास सुरू व्हायची. पळतानाही तक्रार नाही. पण मानपाडा रोडने येऊन चार रस्त्याला थांबलो, की इंजिन दोन हेलकावे खाऊन बंद. मागे रिक्षांची रांग, आणि मी घामाघूम होऊन किल्ली फिरवतोय.

मी आधी दोष दिला पेट्रोलला. हल्ली त्यात २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, आणि टाकीतला जुना गाळ सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकू शकतो. म्हणून कार्बोरेटर उघडला, जेट काढून फुंकले. गाळ नव्हता. मग दोष दिला प्लगना. चारी काढून ब्रशने घासले. मग पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून फिलर गेजने गॅप लावला. तरी चार रस्ता आला की गाडी आपली बंद. आमचे जुने मिस्त्री गॅरेज विकून गावी गेलेत आणि नव्या गॅरेजवाल्यांना लॅपटॉप लावायला जागाच सापडत नाही, त्यामुळे डॉक्टरही मीच.

परवा सकाळी बॉनेट उघडून स्लोचा स्क्रू फिरवत होतो. ही चहा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "अहो, ही शिट्टी कसली वाजतेय?"

"कसली शिट्टी?"

"अशी काय? कुकरची रिंग गेली की झाकणातून वाफ निघते ना, अगदी तश्शी. इथून येतेय." आणि तिने चहाच्या कपाने थेट कार्बोरेटरच्या बुडाकडे बोट केले.

मी कान जवळ नेला. मला इंजिनाची घरघर ऐकू येत होती, पंख्याचा वारा ऐकू येत होता, शिट्टी मात्र अजिबात नाही. मी म्हटले, तुला भास होतोय. ती काही बोलली नाही. मग ऑइलच्या डबीतून चार थेंब त्या सांध्यावर सोडले, आणि काय सांगू, इंजिनाची लय तत्काळ बदलली!

कार्बोरेटर ज्यावर बसतो तिथले पॅकिंग वाळून चिरले होते. ब्रेक लावून थांबलो की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि इंजिन जोरात हवा ओढू लागते. ती हवा फटीतून आत शिरली की पेट्रोलचे प्रमाण पडते आणि गाडी बंद. पळताना झडप उघडी असते, तेव्हा त्या फटीचे फारसे चालत नाही. चोक ओढला की पेट्रोल वाढते, म्हणून सकाळी गाडी खूश. सगळे कोडे सुटले. गॅस्केट पेपर आणून, कडेवर हातोडीने हलके ठोकत नवे पॅकिंग कापले, नट आवळले. पुन्हा इंजिन सुरू केले. ही म्हणाली, "थांबली शिट्टी."

मला तर ती सुरू असतानाही ऐकू आली नव्हती. रात्री झोप लागेना.

चौतीस वर्षे मराठी शिकवले. श, ष, स यांना ऊष्म वर्ण का म्हणतात, तर उच्चारताना श्वास अरुंद जागेतून घासत बाहेर पडतो, असे फळ्यावर लिहून दिले. फटीतून हवा घासत जाणे, शिट्टी तरी दुसरी काय होती? आणि मला आठवले, वाणी साठ रुपये म्हणाला की मला आठ ऐकू येतात. मी म्हणायचो, हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. फोन खराब आहे. मुले तर सांगून थकली.

डॉक्टरीणबाईंनी कानाची तपासणी करून आलेख दाखवला. डावीकडे खर्जातले आवाज ठीक, उजवीकडे उंच आवाजांची घसरगुंडी. म्हणाल्या, कानाच्या आतल्या शंखात उंच आवाज टिपणाऱ्या पेशी तोंडाशीच असतात, वयाने त्या आधी जातात. नव्या येत नाहीत. स, श, फ यांचे मुख्य आवाज तिकडेच. यंत्र लावायचे ठरले आहे.

आता हे लिहिण्याचे खरे कारण. गेल्या वर्षी कल्याणच्या अक्काचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. तिने फोनवर मला वार सांगितला, सोबत ये म्हणाली. मी रविवारी सकाळी गाडी पुसून तिच्या दारात हजर. ऑपरेशन शनिवारी होऊन गेले होते. माझी वाट पाहून ऐंशी वर्षांची बाई एकटी रिक्षाने गेली होती. आणि मी काय केले? डोळ्याला पट्टी बांधलेल्या माझ्या बहिणीला सगळ्यांदेखत म्हणालो, "तू रविवारच म्हणालीस. वय झालं तुझं, विसरतेस." ती गप्प बसली. तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरते.

अक्का, तू शनिवारच म्हणाली होतीस. तो पहिला 'श' माझ्या कानापर्यंत पोचलाच नाही, आणि उरलेल्या शब्दाचा मी माझ्या सोयीने रविवार केला. चूक माझी होती. ज्यांच्यादेखत तुला बोललो, ते सगळे हे वाचतात, म्हणून इथेच लिहितो.

या शनिवारी सकाळी आम्ही दोघे पद्मिनीने येतोय. यंत्र यायला वेळ आहे, तोवर ही शेजारी बसणार आणि मागचे हॉर्न मला सांगणार. कोणी सोबत नसेल तर मी गाडी काढणार नाही, असे हिला कबूल केले आहे.

चहा तयार ठेव. वार मी हिच्याकडून दोनदा विचारून घेतलाय.