जावक टपाल

मद्रासचे चेन्नई १९९६ साली झाले. त्याआधीच्या वर्षांतली ही गोष्ट. घरच्या संगणकावर बुलेटिन बोर्ड चालवणारा हौशी माणूस निजण्यापूर्वी जावक टपालाची रांग पाहून घेई. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ साली सुरू केलेल्या फिडोनेटमध्ये पत्रे संगणकाकडून संगणकाकडे फोनच्या तारेवरून जात. आशियासाठी राखलेला टपालाचा तास भारतात मध्यरात्रीनंतर दीड ते अडीच असा येई; एसटीडीचे दरही तेव्हा दिवसाच्या चौथाईवर उतरलेले असत. तातडीचे पत्र लगेच धाडले जाई, साधे पत्र नेमल्या वेळेची वाट पाही, आणि राखून ठेवलेले पत्र ज्याचे त्याने येऊन नेईपर्यंत पडून राही. मुंबईची लाइन गुंतलेली असली की पुन्हा डायल करायचे. पलीकडून पोच मिळाल्याखेरीज रांगेतले पत्र पुसले जात नसे.

खर्च त्याच्या खिशातला, पत्रे परक्यांची. एखादे हरवले असते तरी त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. तरीही पहाटे उठून तो आधी रांग पाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाची इंटरनेट सेवा मद्राससह महानगरांत सुरू झाली. टपालाच्या रांगा आजही असतात, पण दूरच्या कुठल्याशा यंत्रात. दुसऱ्याचे पत्र अजून निघालेले नाही म्हणून अस्वस्थ होणारा माणूस मात्र त्यांच्यापाशी नसतो.