आधी दुर्बीण, मग आकाश

जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पहिल्यांदा वेळ मिळालेला विद्यार्थी भेटला की मी पूर्वी त्याला सांगायचे, "तू आकाशाचा विचार कर. अँटेना आणि रिसीव्हर इंजिनिअर बघतील, आणि डेटा पाइपलाइनला दे. ती प्रतिमा काढून देईल." आज मी नेमकं उलट सांगते. पहिला डेटा स्वतःच्या हातांनी सोडव. पाइपलाइन नंतर.

जुनं मत मी आळसापोटी धरलं नव्हतं. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. 14 मध्यभागी दाटीने, बाकीच्या 16 तीन भुजांवर. तारांवर ताणलेल्या जाळीच्या या हलक्या डिश हे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं देणं. 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशाची वेगळी खबर आणते. श्रेणीवर्धनानंतर ही खबर एकावेळी 400 मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यातून, हजारो चॅनेलांत येते. एवढं सगळं माणसाने डोळ्यांखालून घालावं कसं?

शिवाय पाइपलाइनचं कर्तृत्व माझ्यासमोर होतं. 2010 ते 2012 या काळात जीएमआरटीने 150 मेगाहर्ट्झला आकाशाची पाहणी केली. तो सगळा डेटा स्वयंचलित पद्धतीने सोडवला गेला आणि 2017 मध्ये सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची यादी जगासमोर आली. हाताने हे काम कधी पुरं झालं असतं? ज्या कॉलेजात रेडिओ खगोलशास्त्र शिकवणारं कुणी नाही, तिथली मुलगीही आज अर्काइव्हमधला डेटा घेऊन प्रतिमा काढू शकते, ती अशा साधनांमुळेच. याचा आनंद मला तेव्हा होता, आजही आहे.

मत बदललं ते एका दीर्घिकासमूहाच्या प्रतिमेपाशी. माझी एक विद्यार्थिनी त्या समूहात पसरट, अतिशय फिकट रेडिओ उत्सर्जन शोधत होती. पाइपलाइनची प्रतिमा स्वच्छ होती, स्रोत टोकदार होते, आणि मधला भाग रिकामा. "आढळलं नाही" असं लिहायच्या आधी तिने एक साधा प्रश्न विचारला : यात कुठल्या जोड्यांचा डेटा उरलाय?

आम्ही कच्चा डेटा उघडला. जवळजवळच्या अँटेनांचा बराचसा डेटा आपोआप फ्लॅग होऊन बाद झाला होता. त्याला कारण होतं. विजेच्या तारांचा किंवा मोबाइलचा स्थानिक गोंगाट जवळच्या दोन अँटेनांना जवळपास सारखाच पोचतो आणि त्या जोडीत टिकून राहतो. लांबच्या जोड्यांत आकाशातल्या स्रोताचा माग ठेवताना जमिनीवरचा गोंगाट सरासरीत बराचसा विरून जातो. म्हणजे सर्वांत जास्त घाण जवळच्या जोड्यांत असते. आणि आकाशातलं मोठं, पसरट काही दिसतं तेही मुख्यतः त्याच जोड्यांना. लांबच्या जोड्या बारीक तपशील टिपतात. घाणीबरोबर आम्हाला हवं होतं तेच निघून गेलं होतं.

मग तिने एकेक जोडी घेतली, पडद्यावर वेळ आणि चॅनेल मांडले, आणि खरोखर खराब होते तेवढेच उभे-आडवे पट्टे काढले. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला सवड लागते. नव्या प्रतिमेत समूहाच्या मध्यावर फिकट उत्सर्जन दिसू लागलं.

पाइपलाइन चुकली नव्हती. तिला सांगितलेलं काम तिने चोख केलं होतं. पण "आकाशात नाही" आणि "आपल्याला दिसू शकलं नाही" यांतला फरक तिला कळत नाही. तो खगोलशास्त्रज्ञाला कळायला हवा, आणि दुर्बीण ओळखीची झाल्याशिवाय तो कळत नाही.

म्हणून आता माझं मार्गदर्शन प्रस्ताव लिहायच्या आधीच सुरू होतं. तुझा स्रोत केवढा पसरलेला आहे? तेवढं मोठं काही पाहणाऱ्या जोड्या निवडलेल्या बँडमध्ये पुरेशा आहेत का? 3सी 48 किंवा 3सी 286 सारख्या कॅलिब्रेटरवर जाणारी मिनिटं अनेकांना वाया गेल्यासारखी वाटतात. पण माहीत असलेलं वजन ठेवून तराजू तपासल्याशिवाय मालाचं वजन सांगता येत नाही. लक्ष्याजवळच्या कॅलिब्रेटरकडे दर अर्ध्यापाऊण तासाने परत जायचं, कारण इतक्या कमी वारंवारतेला आयनांबर लहरींची कला सतत बदलत असतं. आणि कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरने लिहिलेली नोंद आधी वाचायची. कुठली अँटेना बंद होती, वारा किती होता, हे त्यात असतं.

हा आग्रह आत्ताच धरायला हवा. भारत एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण प्रकल्पात सहभागी आहे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या दुर्बिणींचा डेटा इतका प्रचंड असेल की कच्चा डेटा बहुतांशी साठवलाच जाणार नाही. शास्त्रज्ञाला मिळेल ते प्रक्रिया होऊन आलेलं. काय गाळलं गेलं हे तिथे उघडून बघता येणार नाही. कुठला प्रश्न विचारायचा, हे मात्र आधी शिकून ठेवता येतं, आणि ते शिकायला खोडदइतकी चांगली शाळा आपल्याकडे दुसरी नाही. पाइपलाइन जरूर वापरा. पण निदान एक निरीक्षण पहिल्या कॅलिब्रेटरपासून शेवटच्या प्रतिमेपर्यंत स्वतः सोडवल्याशिवाय कुणाही विद्यार्थ्याने "आढळलं नाही" असं लिहू नये, असं माझं आता ठाम मत आहे.