फोन माझं ऐकतच नाही! – टचस्क्रीनची संवेदनशीलता आणि आपले पालक



आजचा पाठ पुस्तकातला नाही, पण शाळेशी त्याचा रोजचा संबंध आहे. वर्गाच्या ग्रुपवरची सूचना, गृहपाठाचा फोटो, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी, पुस्तकातला क्यूआर कोड, सगळं आता मोबाईलच्या काचेवर आलंय. त्या काचेवर बोट टेकवूनही काही घडलंच नाही तर?

आमच्याकडे बरेच पालक शेतमजुरी, ऊसतोड, नाहीतर गवंडीकाम करणारे. पालकसभेनंतर एका मुलीची आई मला म्हणाली, "बाई, मी बोट लावलं की ह्यो हालतच न्हाई. पोरीनं लावलं की लगेच चालतोय. मला अडाणीला न्हाई जमायचं." शेजारी उभी असलेली मुलगी हसून म्हणाली, "आईला काहीच कळत नाही बाई, मीच करते सगळं." बँकेचा मेसेज आला तरी तीच वाचणार, ओटीपी आला तरी तीच टाकणार. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात घराचा सगळा व्यवहार, आणि आईच्या मनात पक्कं बसलेलं की आपल्याला अक्कल नाही! मला हे फार लागलं. कारण अडचण आईच्या डोक्यात नव्हतीच. ती होती काच आणि कातडी यांच्यामध्ये.

काचेला बोट कळतं कसं?

आपल्या फोनची काच दाब ओळखत नाही. काचेखाली वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो आणि त्याच्याभोवती हलकंसं विद्युतक्षेत्र असतं. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार आहेत, म्हणून शरीरातून वीज वाहते. बोट काचेजवळ आलं की त्या क्षेत्रात बदल होतो आणि फोनला जागा कळते. ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडच्या ई. ए. जॉन्सन यांनी 1965 साली विमान वाहतूक नियंत्रणासाठी असा पडदा मांडला होता.

आता खुरपं, कोयता, सिमेंट हाताळणाऱ्या बोटांचा विचार करा. त्यांवर घट्टे पडलेले असतात. ही मेलेली, कोरडी, जाड कातडी वीज नीट वाहू देत नाही आणि आतलं ओलसर बोट काचेपासून लांब ठेवते. वर दुकानदाराने जाड टेम्पर्ड ग्लास बसवून दिलेली असते, म्हणजे अंतर आणखी वाढलं. फोनला मिळणारा इशारा इतका क्षीण होतो की तो त्याला स्पर्श मानतच नाही. मुलीचं बोट मऊ आणि ओलसर, म्हणून तिचं लगेच चालतं. यात हुशारीचा काय संबंध?

आम्ही काय केलं?

आधी काच आणि बोट स्वच्छ पुसलं. मग सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडून 'टच सेन्सिटिव्हिटी' हे बटण चालू केलं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ते तिथेच असतं. इतर फोनमध्ये नाव किंवा जागा थोडी वेगळी असू शकते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'टच' असं इंग्रजीत टाकून पाहावं. काही फोनमध्ये ही सोय नसतेच. तिथे पातळ काच लावणं आणि बोट किंचित ओलसर करून टेकवणं, एवढं तरी करता येतं.

पण दुसरी एक अडचण निघाली. फोन दाद देत नाही म्हणून ताई बोट जोरात दाबून धरायच्या. जेमतेम अर्धा सेकंद बोट तसंच राहिलं की फोन त्याला 'दाबून धरणं' समजतो आणि भलताच मेनू उघडतो. यावर उपाय ॲक्सेसिबिलिटीमध्ये आहे. तिथे 'टच अँड होल्ड डिले' शोधून 'लाँग' निवडायचं. मग फोन थोडा धीर धरतो.

ताईंनी स्वतः ग्रुप उघडला, माझा मेसेज लावून ऐकला आणि म्हणाल्या, "म्हंजे बोट माझं बराबर हाय की!" लेक गप्प उभी राहून बघत होती. माझ्या मते त्या दिवशीचा खरा पाठ तिलाच मिळाला.

थरथरणाऱ्या हातांसाठी

याच्या उलट गरजही असते. माझ्या वर्गात एका मुलाचा हात थरथरतो. चाचणीत एकाच पर्यायावर त्याची दोन-तीनदा टिचकी पडायची, पुढचा प्रश्न आपोआप सुटायचा आणि गुण जायचे. गणित त्याला येत होतं, पण फोन ते मोजत नव्हता. अशा मुलांसाठी अनेक फोनमध्ये 'इग्नोर रिपीटेड टचेस' आणि 'टॅप ड्युरेशन' या सोयी असतात. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग टच, मग 'टच ॲकोमोडेशन्स' असं जायचं. आजी-आजोबांनाही याचा फार उपयोग होतो.

थोडी काळजी

संवेदनशीलता वाढवली की फोन नको तिथेही जागा होतो. ओल्या हाताने किंवा खिशात असताना चुकून फोन लागू शकतो. काही न लावताच पडदा उड्या मारू लागला, तर आधी चार्जर काढून पाहा. हलक्या चार्जरमुळेही असं होतं.

वर्गात करून पाहा

सहावी-सातवीच्या मुलांना एक फोन द्या. आधी अंदाज लिहायला सांगा, मग नख, पेनाचं प्लास्टिकचं टोपण, कोरडा कापूस आणि हातात धरलेला ओला कापूस काचेवर टेकवून पाहू द्या. कारण त्यांनाच शोधू द्या. आणि घरचा अभ्यास एवढाच: घरात ज्यांचं बोट फोनवर चालत नाही त्यांना "दे इकडे, मी करतो" म्हणायचं नाही. त्यांच्या फोनची सेटिंग त्यांच्यासमोर बदलायची आणि फोन परत त्यांच्याच हातात द्यायचा.

तुमच्या शाळेतही हा प्रयोग नक्की करा.